बिडी सोडली आणि खोकला वाढला!

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते, दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. एक गृहस्थ आत आले. एस.टी.त ड्रायव्हर होते, आता निवृत्त. वय ६२. सोबत त्यांच्या सौभाग्यवती. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकलं आणि फसलो बघा!"

मी विचारले, "काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? बिडी सोडून आज बारा दिवस झाले. चाळीस वर्षं ओढली, कधी असा खोकला नव्हता. आता सकाळी उठलं की अर्धा तास खोकतोय, काळा बेडका पडतोय. पोट साफ होत नाही. तोंड आलंय. रात्री दोनला डोळा उघडतो तो उघडाच. ओढत होतो तेच बरं होतं."

त्यांच्या सौभाग्यवतींनी पुस्ती जोडली, "आणि चिडचिड सांगा की. काल नातवाच्या पाठीत धपाटा घातला. सूनबाई म्हणाली, मामा, त्यापरीस एखादी बिडी ओढा, पण घरात शांतता राहू द्या. डॉक्टर, देऊ का ह्यांना एखादी?"

वाचकहो, हा प्रसंग वाचून आपल्यापैकी काहींना हसू येईल. मला आले नाही. कारण हेच गाऱ्हाणे मी बावीस वर्षांपूर्वी एका दुसऱ्या माणसाकडून ऐकले होते, आणि तेव्हा मी त्याला चुकीचे उत्तर दिले होते.

ते यंत्रमागावर कामाला होते. वय ४६. रोज दोन बंडल बिड्या. धाप लागते म्हणून आले. मी तपासले आणि आम्ही डॉक्टर मंडळी ज्या सुरात बोलतो त्याच सुरात सांगितले, "बिडी सोडा. नाहीतर माझ्याकडे येऊ नका." माणूस शब्दाचा पक्का. त्याच दिवशी बंडल फेकून दिले. पंधरा दिवसांनी खोकत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे बिडी सोडल्यामुळं तर नाही ना?" बाहेर तीस पेशंट बसले होते. मी हसून म्हणालो, "छे! असं कधी होतं का?" खोकल्याचे औषध लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

कारखान्यात त्यांना सोबत्यांनी सांगितले, "अरे, दोन झुरके मार, खोकला लगेच बसतो." त्यांनी मारले. आणि खोकला खरोखरच बसला! मग त्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा? खोकल्याचे कारणही न ओळखणाऱ्या डॉक्टरवर, की लगेच आराम देणाऱ्या बिडीवर? चार वर्षांनी हृदयविकाराचा झटका आला आणि इस्पितळात नेता नेता रिक्षातच सगळे संपले. पुढे त्यांची पत्नी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा सहज बोलून गेली, "त्यांनी एकदा सोडली होती हो. पण सोसली नाही त्यांना."

बिडी सोडून राहिले असते तर ते आज नक्की हयात असते, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण "सोसली नाही" हे तिचे शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत. बिडी सोडल्यावर शरीराला काय सोसावे लागते, किती दिवस सोसावे लागते आणि ते का सोसण्यासारखे आहे, हे त्यांना आधी सांगणे माझे काम होते. ते मी केले नाही.

म्हणून आज माझे मत स्पष्टच मांडतो. नुसते "बिडी सोडा" म्हणणे ही अर्धी चिठ्ठी आहे. उरलेली अर्धी चिठ्ठी म्हणजे सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्याची. ती जो डॉक्टर लिहीत नाही, तो पेशंटला पुन्हा पानटपरीच्या वाटेला लावतो.

सोडावीशी तर पुष्कळांना वाटते

आपल्याकडे असा समज आहे की ओढणाऱ्याला सोडायचीच नसते. हे खरे नाही. २०१६-१७ साली देशभर तंबाखूविषयी मोठी पाहणी झाली. तीत १५ वर्षांवरच्या दर १०० भारतीयांमागे जवळपास ११ जण धूम्रपान करणारे आढळले, आणि त्यांत बिडीवाले सिगारेटवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट. या धूम्रपान करणाऱ्यांपैकी शंभरातले ५५ जण सोडण्याचा विचार करत होते, आणि ३८ जणांनी मागच्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्नही केला होता. म्हणजे इच्छा आहे, प्रयत्न आहे. अडते कुठे? जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की कोणाच्याही मदतीशिवाय केलेल्या शंभर प्रयत्नांत जेमतेम ४ यशस्वी होतात. जाणकाराची मदत आणि योग्य औषध मिळाले तर यशाची शक्यता दुपटीहून अधिक वाढते.

यात मनाच्या दुबळेपणाचा भाग लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे. धुरातले निकोटिन झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच मेंदूत पोचते. वर्षानुवर्षे दिवसातून पन्नास वेळा ही भेट होत राहिली की मेंदू तिच्या हिशोबानेच आपली मांडणी करून घेतो. भेट बंद झाली की तो कुरकुर करतो. बिडीत तंबाखू थोडी असते, म्हणून ती सौम्य, असे समजू नये. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात, त्यामुळे निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा जास्तच पोटात जाते. आपल्या सोलापुरात बिड्या वळून हजारो घरांच्या चुली पेटतात, त्या मायबहिणींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण डॉक्टर म्हणून जे आहे ते सांगितलेच पाहिजे.

पहिले तीन दिवस

शेवटची बिडी विझवल्यावर वीस मिनिटांतच नाडीचे ठोके उतरू लागतात. साधारण बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणजे रात्री सोडली तर सकाळी उठेपर्यंत रक्त बऱ्यापैकी शुद्ध झालेले असते. पण हे कोणाला जाणवत नाही. जाणवते ते वेगळेच. डोके दुखणे, हलकी चक्कर, हाताला चाळा हवासा वाटणे, कामात लक्ष न लागणे, उगाचच राग.

हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. आठवडा उलटला की उतरू लागतो, आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत सरतो. तल्लफ येते तेव्हा ती आता कधीच जाणार नाही असे वाटते, पण घड्याळ लावून पाहा. पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत ती लाट ओसरते. तेवढा वेळ एक तांब्या पाणी प्या, अंगणात फेऱ्या मारा, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, कोणाशी तरी बोला. लढाई दिवसभराची नाही, पाच-पाच मिनिटांची आहे.

खोकला का वाढतो?

आता त्या खोकल्याकडे वळू. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ वर घशाकडे ढकलत असतात. ही आपल्या घरची झाडूवाली. बिडीच्या धुराने हे केस लुळे पडतात. मग घाण आतच साठते. बिडी सोडली की हे केस हळूहळू पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ बाहेर काढू लागतात. बंद पडलेले घर उघडून झाडायला घेतले की आधी धुरळाच उडतो ना? तसाच हा खोकला.

आणि दोन झुरक्यांनी तो बसतो, तोही याच कारणाने. जागी झालेली झाडूवाली आपण पुन्हा झोपवतो. घर शांत होते, पण कचरा आतच राहतो. बावीस वर्षांपूर्वी हे एवढे वाक्य मी बोललो असतो तर!

हा खोकला सगळ्यांनाच होतो असे नाही. काहींचा तर पहिल्या आठवड्यापासूनच कमी होतो. ज्यांना होतो त्यांनी कोमट पाणी भरपूर प्यावे, वाफ घ्यावी, कफ गिळू नये. खोकला दाबून टाकणारी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. कफ बाहेर पडणे हिताचे आहे.

पोट, तोंड आणि चहा

"बिडी ओढल्याशिवाय परसाकडे होत नाही" ही तक्रार माझ्याकडे पुष्कळजण संकोचून सांगतात. संकोचायचे कारण नाही. निकोटिन आतड्यांना चालना देते. रोजची ती टोचणी बंद झाली की आतडी काही दिवस सुस्त होतात. सकाळी उठल्यावर दोन ग्लास पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी आणि रात्री गरज वाटली तर इसबगोल. दोन-तीन आठवड्यांत आतडी आपली आपण चालायला शिकतात.

तोंड येते, तेही पुष्कळांना, आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, तिखट काही दिवस कमी करावे. आपल्याकडच्या शेंगाचटणीला थोडी रजा द्यावी लागेल, इलाज नाही.

चहाची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बिडीच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत चहातले कॅफिन नेहमीपेक्षा भराभर जाळून टाकते. धूर बंद झाला की काही दिवसांत हा वेग मंदावतो. मग पूर्वीइतकाच चहा पिऊनही कॅफिन रक्तात जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ राहते. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे ही लक्षणे दिसतात, आणि माणूस म्हणतो, बिडी सोडल्यामुळे झोप गेली! त्यात आपली रीत अशी की बिडी सोडणारा तल्लफ मारायला चहाच वाढवतो. उलट करावे. बिडी सोडाल त्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा आणि संध्याकाळी पाचनंतर घेऊच नका. आमच्या ड्रायव्हर साहेबांना विचारले तेव्हा कळले, ते दिवसाला नऊ कप पीत होते.

वजन वाढेल का? बहुतेकांचे वाढते. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. निकोटिन भूक मारते आणि शरीराची जळण वाढवते. ते गेले की भूक परत येते, शिवाय जिभेला चव आणि नाकाला वास परत मिळतो, म्हणून जेवणही गोड लागते. पण चार किलो वजनाने होणारा तोटा आणि बिडीने होणारा तोटा यांची तुलनाच नाही. तोंडाला चाळा हवा तर फरसाणाऐवजी काकडी, गाजर, फुटाणे ठेवा आणि रोज अर्धा तास चाला. वजनाचे पुढे बघता येईल. एका वेळी एकच लढाई.

घरच्या माणसांसाठी चार शब्द

बिडी सोडलेला माणूस चिडतो, उदास होतो, एकाएकी डोळ्यांत पाणी आणतो. घरच्यांना वाटते हा मुद्दाम करतो. तसे नसते. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला आपण महिनाभर सांभाळून घेतो, मऊ भात करून घालतो, त्याच्याशी वाद घालत नाही. या माणसालाही तसाच एक महिना द्या. "सोडलीस तर उपकार केलेस का?" असे टोमणे मारू नका. "आज किती दिवस झाले?" एवढे रोज विचारा. त्या प्रश्नाने माणसाला केवढे बळ येते ते मी पाहिले आहे.

पुष्कळजण म्हणतात, बिडीने टेन्शन जाते. नीट विचार केला तर कळेल की बिडी जे टेन्शन घालवते त्यातले बरेचसे आधीच्या बिडीचा अंमल उतरल्यामुळेच आलेले असते. शास्त्रज्ञांनी या विषयावरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले आहेत. धूम्रपान सोडून काही आठवडे उलटल्यावर लोकांची चिंता आणि उदासी आधीपेक्षा कमीच झालेली दिसते. मात्र ज्याला पूर्वी मानसिक आजार झालेला आहे, किंवा ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले आहेत, त्याला एकटे ठेवू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.

सगळेच बिडी सोडल्यामुळे होते असे नाही

इथे एक सावधगिरीची सूचना. बिडी सोडल्यानंतर होणारी प्रत्येक गोष्ट तिच्याच खात्यावर टाकू नका. थुंकीतून रक्त पडले, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरू लागले किंवा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो करून घ्या. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असे झाले तर "तल्लफ असेल" म्हणून घरी बसू नका, तडक इस्पितळ गाठा.

दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बिडी सोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चहातल्या कॅफिनसारखेच याही औषधाचे होते. धूर बंद झाला की तीच गोळी रक्तात जास्त भरते, मळमळ आणि धडधड सुरू होते. डोस कमी करावा लागतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी साखर वरचेवर तपासावी. मनोविकाराच्या काही औषधांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा डोसही बदलावा लागू शकतो. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका वा बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा.

चोरवाटा

बिडी सोडणारा घसरतो तो बहुधा चोरवाटेने. पहिली चोरवाट तंबाखू-चुन्याची. "धूर तर नाही ना घेत," म्हणत माणूस गालात विडा धरतो, बाया मिश्री लावतात. निकोटिन तेच, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट सरळ. दुसरी चोरवाट "लाइट" सिगारेटची. धूर हलका लागतो म्हणून माणूस तो खोल ओढतो, हिशोब तोच. तिसरी ई-सिगारेटची. तिच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. चौथी आणि सर्वांत फसवी वाट म्हणजे "आज लग्न आहे, एकच ओढतो." एकच कधी नसते.

मदत कुठे मिळते?

निकोटिनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. ते गोळीसारखे चघळत राहायचे नाही. हळूहळू चावून जिभेला झिणझिणी आली की गालात ठेवायचे, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, जळजळ होते आणि उपयोगही होत नाही. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असेपर्यंत चहा घेऊ नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. याखेरीज गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. पैसे खर्च करायचे नसतील तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक २०१६ पासून चालू आहे. तिथे समुपदेशक तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शन करतात.

माझ्या व्यवसायबंधूंना

काही डॉक्टर मित्र मला म्हणतात, "एवढा त्रास होतो म्हणून सांगितलंस तर पेशंट घाबरेल, सोडणारच नाही." माझा अनुभव उलट आहे. बाळंतपणात कळा येतात हे कोणी लपवून ठेवत नाही. कळा येणार, त्या अमुक वेळ राहणार आणि शेवटी बाळ हाती येणार, हे ठाऊक असते म्हणून बाई त्या सोसते. न सांगितलेली कळ मात्र आजार वाटते. ज्याला खोकल्याची पूर्वसूचना दिलेली असते तो खोकला आला की म्हणतो, "डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं." त्याचा विश्वास वाढतो. ज्याला दिलेली नसते तो म्हणतो, "फसलो."

वेळ नाही, ही सबब मीही बरीच वर्षे सांगितली. पण रक्तदाबाची गोळी सुरू केली की आपण पंधरा दिवसांनी या म्हणतोच ना? मग बिडी सोडणाऱ्याच्या केसपेपरवर तिसऱ्या दिवसाची, दहाव्या दिवसाची आणि तिसाव्या दिवसाची तारीख का लिहू नये? तीन भेटी, प्रत्येकी पाच मिनिटे. तपासणी फी घेतली नाही तरी चालेल. आणि घसरून परत आलेल्याला ओरडू नये. पुष्कळांची बिडी दुसऱ्या-तिसऱ्या, कधी पाचव्या प्रयत्नात सुटते. पडलेला माणूस लाजून आपल्याकडे येणेच बंद करतो, हा आपला पराभव.

सोसण्यासारखे का आहे?

पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचे काम सुधारते, जिना चढताना फरक कळतो. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. वर्षभराने हृदयविकाराचा जो जादा धोका बिडीने आणलेला असतो तो जवळपास निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यापर्यंत उतरतो.

"आता या वयात सोडून काय उपयोग?" असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनाच १९५१ पासून पन्नास वर्षे निरीक्षणाखाली ठेवून रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. तिशीत सिगारेट सोडणाऱ्याने साधारण १० वर्षांचे आयुष्य वाचवले, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यानेसुद्धा ३ वर्षे. साठीतली तीन वर्षे म्हणजे नातवाला शाळेत सोडायला जाण्याची तीन वर्षे.

तर त्या रात्री ड्रायव्हर साहेबांना मी हे सगळे समजावून सांगितले. चहा चारवर आणला, इसबगोल दिले, छातीचा फोटो आणि थुंकी तपासून घेतली. दोन्हीत काही निघाले नाही. त्यांच्या सौभाग्यवतींना म्हणालो, "वहिनी, बिडी देऊ नका. पाणी द्या आणि पाच मिनिटं गप्पा मारा." पुढची तारीख लिहून दिली.

परवा ते पुन्हा आले. स्वतःसाठी नव्हे, नातवाला ताप होता म्हणून. त्यांना घेऊन रेल्वे लाइन्सपासून चालत आले होते. मी खोकल्याचे विचारले. म्हणाले, "तो गेला की मागच्या महिन्यातच. आता एकच तक्रार आहे." मी जरा धास्तावलो. ते हसून म्हणाले, "घरात शेजाऱ्यांच्या बिडीचा वास येतो. इतकी वर्षं माझा वास हिनं कसा सोसला असेल हो?"

मी नातवाला तपासत होतो. आजीने पदर तोंडाला लावला होता. त्यांच्या केसपेपरवर मी तारीख टाकली आणि पुढे लिहिले, "दिवस ७४ वा."